तीन बटणं

मालवणात भरडावरून बाजाराकडे उतरताना
डाव्या हाताचं दुसरं दुकान.
गिऱ्हाईक आधी रंग बघतं,
मी टी-शर्ट उलटा करते.
खरं-खोटं आतल्या बाजूला असतं:
खांद्याच्या शिवणीवर पट्टी आहे का,
काखेत धागे लोंबतायत का,
बटणपट्टी सरळ बसलीय की लाटा खातेय.
मग कॉलर मुठीत चुरगळायची आणि सोडायची.
उठून बसली तर घ्यावी.
झोपली तर चार धुण्यांत
सुक्या बांगड्यासारखी वळणार.

कुठे घालणार, हे विचारते.
किती देणार, हे नाही विचारत.
किमतीची चिठ्ठी कोण कुठल्या बोटांनी उलटतो
त्यावरून कळतं.

बागेत जाणाऱ्याला अडीचशेचा पुरे, गडद;
काजूचा डाग काढणं रामेश्वराच्याही हातचं नाही.
बँकेतल्या साहेबाला साडेसहाशेचा,
सुती, जाळीदार विणीचा,
आमच्या दमट हवेत अंगाला सोडून राहणारा.
साखरपुड्याला फिका निळा, जरा महाग.
काळा कुणालाच देत नाही मनापासून.
घाम सुकला की पाठीवर मिठागर उमटतं.

गणपती होऊन गेल्यावर लवू तोरसकर आला,
दांडीवर पर्यटकांना पाण्याखाली नेणारा.
छातीवर स्कूबावाल्याचं नाव,
पाठीवर फोन नंबर.
"माका असलोच होयो," म्हणाला,
"पण छातीवर काय एक लिवलेला नको."

लेकीला कोल्हापूरला सोडायचं होतं,
नर्सिंगच्या हॉस्टेलवर.
तीच म्हणालेली, बाबा, फोन नंबर घालून येव नको.

कॉलरवाले सात आहेत घरी, त्यानं मोजून सांगितले.
तीन स्कूबाचे, दोन पक्षांचे (दोन वेगळ्या),
एक सिमेंटचा,
एक क्रिकेट मंडळाचा, जिथं तो कधी खेळला नाही.
सातही फुकट.

पोहणाऱ्याचे खांदे. चव्वेचाळीसशिवाय बसेना.
साधा, कोरा, पाचशेच्या आतला
त्या मापात एकही नव्हता.
एक शेवाळी रंगाचा होता, सातशेऐंशीचा,
मागच्या सीझनचा म्हणून पाचशेवीसला देत होते,
पण छातीवर भरतकामाचा घोडा, नखाएवढा.
"घोड्यार कोण बसता हय?" लवू म्हणाला.

मी सुई घेतली.
तो स्टुलावर बसून मोबाईलचा उजेड धरून राहिला.
आधी पाय सुटले, मग शेपूट, मग वरचा स्वार.
डोकं शेवटपर्यंत हटून बसलं.
मधे दोन गिऱ्हाइकं आली, बघून गेली.
"भोका रवतली?"
दोन धुण्यांत बुजतील, मी म्हटलं.
सगळीच नसती बुजली.
उजेडात धरलं तर घोडा होता,
नुसत्या टोचांचा.

आरशासमोर त्यानं तीनही बटणं लावली.
गळा आवळला, वरचं काढलं, परत लावलं.
एसटीत दोन उघडी ठेव, मी म्हटलं,
हॉस्टेलच्या दारात एकच.
मग घोडा होता तिथं हात फिरवत चाचपत राहिला.
"खिसो नाय?"
नसतो ह्याला.
"मगे फीची पावती खय ठेवतलंय?"

गेला.
काउंटरवर पांढऱ्या धाग्यांचा गुंता उरला,
पेडव्याच्या काट्यांसारखा बारीक.
रात्री झाडताना फुंकर मारली.

पंधरा दिवसांनी दांडीवर दिसला,
परत फोन नंबरात.
हिरवा कुठं रे, मी ओरडून विचारलं.
तो लेकीनं ठेवून घेतला.
हॉस्टेलात रात्री पंखा फार जोरात लागतो म्हणे.
बोटीचा दोर सोडता सोडता म्हणाला,
तसलोच एक मागवन ठेव, चव्वेचाळीसचो.
घोडो असलो तरी चलात.